लॅपटॉप झोपेतून आपोआप जागा होतो? आधी कोण उठवतंय ते शोधा

रात्री झाकण मिटताना बॅटरी ऐंशी टक्के होती आणि सकाळी लॅपटॉप पार बंद पडलेला. बॅगेतून काढला तर तळाला हात लाववत नाही इतका तापलेला. किंवा मध्यरात्री अंधाऱ्या खोलीत अचानक स्क्रीन उजळते, पंखा फिरायला लागतो आणि दहा मिनिटांनी सगळं पुन्हा शांत. लॅपटॉप स्लीप मोडमधून मधेच जागा होत असल्याची ही नेहमीची लक्षणं. पहिल्यांदा अनुभव आला की माणूस घाबरतो, कुणीतरी लांबून लॅपटॉप चालवतंय की काय असं वाटतं. तसं सहसा काही नसतं. बहुतेक वेळा हार्डवेअरही धड असतं आणि दोष एखाद्या सेटिंगचा असतो.

यात सर्वांत उपयोगाची गोष्ट अशी, की विंडोज या जागरणांची नोंद ठेवतं. किती वाजता झोपला, किती वाजता उठला आणि पुष्कळदा कोणी उठवलं, हेही लिहिलेलं असतं. तरीही बरेच जण ती नोंद न बघता मिळेल तो सल्ला ऐकून सात-आठ सेटिंग एकदम बदलून टाकतात. मग त्रास थांबला तरी कशामुळे थांबला ते कळत नाही, आणि नको त्या ठिकाणी केलेले बदल पुढे महिनोन्‌महिने तसेच राहतात. त्यामुळे माझा आग्रह एकच आहे: आधी नोंद वाचा, एकच गोष्ट बदला, एक रात्र जाऊ द्या, मग पुढचं बघा.

खालची माहिती विंडोज १० आणि ११ साठी आहे. मॅक आणि लिनक्सबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलंय.

तुमचा लॅपटॉप नेमका कोणत्या प्रकारे झोपतो?

हा प्रश्न आधी सोडवावा लागतो, कारण पुढचे निम्मे उपाय त्यावर अवलंबून आहेत. संगणकाने झोपायचं कसं याचे प्रकार एसीपीआय नावाच्या मानकात ठरलेले आहेत. हे मानक १९९६ साली आलं. त्यातले तीन प्रकार आपल्या कामाचे.

पहिला एस३. ही जुनी, गाढ झोप. प्रोसेसर बंद, डिस्क बंद, पंखा बंद. फक्त रॅमला थोडी वीज मिळत राहते, म्हणजे उघडलेल्या फाइल जिथल्या तिथे राहतात. असा लॅपटॉप उठतो तो कोणीतरी उठवल्यावरच, आणि उठवणाऱ्याचं नाव बहुधा सापडतं.

दुसरा एस० लो पॉवर आयडल, म्हणजेच मॉडर्न स्टँडबाय. २०१२ मध्ये विंडोज ८ बरोबर हा प्रकार कनेक्टेड स्टँडबाय म्हणून आला आणि विंडोज १० पासून मॉडर्न स्टँडबाय या नावाने रुळला. यात लॅपटॉप मोबाइलसारखा झोपतो: स्क्रीन बंद, पण आत यंत्रणा अर्धवट जागी. मेल येतात, अपडेट उतरतात, वायफाय जोडलेलं राहू शकतं. गेल्या काही वर्षांत घेतलेल्या बहुतेक पातळ लॅपटॉपमध्ये हाच प्रकार असतो, आणि बॅगेत तापण्याच्या तक्रारी जास्त करून याच लॅपटॉपच्या असतात.

तिसरा हायबरनेट, एस४. रॅममधलं सगळं डिस्कवर लिहून लॅपटॉप जवळजवळ पूर्ण बंद होतो. उठायला काही सेकंद जास्त लागतात, पण झोपेत बॅटरी जवळपास खर्चच होत नाही.

तुमच्याकडे कोणता प्रकार आहे ते बघायला स्टार्ट बटणावर राइट क्लिक करा आणि टर्मिनल ॲडमिन, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. विंडोज १० वर तिथे पॉवरशेल ॲडमिन किंवा कमांड प्रॉम्प्ट ॲडमिन असं नाव दिसेल. परवानगी विचारली तर यस म्हणा. ॲडमिन म्हणून उघडणं गरजेचं आहे, नाहीतर पुढच्या काही कमांड चालणार नाहीत.

कमांडबद्दल एक सूचना. इथे त्या उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत; टाइप मात्र इंग्रजी अक्षरांत करायच्या. सगळ्यांची सुरुवात पॉवरसीएफजी या शब्दाने होते: पॉवरचं इंग्रजी स्पेलिंग आणि त्याला चिकटूनच सी, एफ, जी ही तीन अक्षरं. मग एक स्पेस, मग प्रश्नचिन्हाच्या बटणावरची तिरकी रेघ, आणि रेघेला जोडून पुढचा शब्द. जिथे मी शब्द जोडून लिहिलेत तिथे मध्ये स्पेस द्यायची नाही.

पहिली कमांड: पॉवरसीएफजी /ए. इथे ए म्हणजे फक्त ते एक अक्षर. एंटर दाबल्यावर उपलब्ध प्रकारांची यादी येते. वरच्या भागात स्टँडबाय एस३ दिसलं तर लॅपटॉप जुन्या पद्धतीने झोपतो. एस० लो पॉवर आयडल दिसलं तर मॉडर्न स्टँडबाय. खालच्या भागात जे उपलब्ध नाही त्याची यादी असते, तिकडे लक्ष द्यायचं कारण नाही. आपला प्रकार कागदावर लिहून ठेवा.

नोंद कशी वाचायची

आता मुख्य काम. टर्मिनलमध्ये पॉवरसीएफजी /लास्टवेक टाइप करा. लास्ट आणि वेक जोडून. शेवटच्या वेळी लॅपटॉप कोणी उठवला ते यात दिसतं. एखाद्या उपकरणाचं नाव, पॉवर बटण, किंवा टायमर. वेक सोर्स काउंट शून्य असं आलं तर विंडोजला उठवणारा ओळखता आला नाही. मॉडर्न स्टँडबायमध्ये हे नेहमीचंच आहे.

इथे नवख्या माणसाची फसगत होते. ही कमांड फक्त शेवटचं जागं होणं दाखवते. रात्री दोनला लॅपटॉप उठला, थोड्या वेळाने पुन्हा झोपला आणि सकाळी सातला तुम्ही झाकण उघडलंत, तर उत्तर मिळणार सातचं. रात्रीच्या दोनचा पत्ता त्यात नसतो. त्यासाठी इव्हेंट व्ह्यूअर या विंडोजच्या नोंदी दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये जावं लागतं.

स्टार्टमध्ये इव्हेंट व्ह्यूअर शोधून उघडा. डावीकडे विंडोज लॉग्ज, त्याच्या आत सिस्टीम. उजवीकडे फिल्टर करंट लॉग. उघडलेल्या चौकटीत इव्हेंट सोर्सेसच्या यादीतून पॉवर-ट्रबलशूटर निवडा आणि ओके करा. आता हजारो ओळींतून फक्त झोपून उठल्याच्या नोंदी उरतील. प्रत्येकीवर क्लिक केलं की खाली तीन गोष्टी दिसतात: स्लीप टाइम, वेक टाइम आणि वेक सोर्स.

वेळा वाचताना सांभाळा. स्लीप टाइम आणि वेक टाइम या जागतिक प्रमाणवेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये असतात. शेवटी झेड अक्षर दिसतं ते त्याचीच खूण. भारतात असाल तर त्यात ५ तास ३० मिनिटं मिळवा. वेक टाइम २०:३० दिसला तर आपल्याकडे तेव्हा रात्रीचे २ वाजले होते. वरच्या यादीतला तारीख-वेळेचा रकाना मात्र स्थानिक वेळेचा असतो. हा फरक लक्षात आला नाही की लोक संध्याकाळी साडेआठला आपण काय करत होतो ते आठवत बसतात आणि खरं कारण बाजूला राहतं.

मॉडर्न स्टँडबायवाल्यांनी याच फिल्टरमध्ये सोर्सऐवजी इव्हेंट आयडीच्या रकान्यात ५०६,५०७ असं इंग्रजी आकड्यांत, मध्ये स्वल्पविराम देऊन लिहावं. ५०६ म्हणजे झोपायला गेला, ५०७ म्हणजे बाहेर आला. ५०७ च्या नोंदीत रीझन म्हणून कारण दिलेलं असतं: पॉवर बटण, झाकण, माउस, कीबोर्ड वगैरे.

दोन-तीन रात्रींच्या नोंदी शेजारी शेजारी ठेवा. रोज ठरावीक वेळेला उठत असेल तर टायमर किंवा ठरवून दिलेलं एखादं काम. वेळा वेड्यावाकड्या असतील तर माउस, नेटवर्क किंवा चार्जर. एवढ्यावरूनच दिशा कळते.

उपकरण उठवत असेल तर

कोणकोणत्या उपकरणांना लॅपटॉप उठवायची परवानगी आहे ते बघण्यासाठी: पॉवरसीएफजी /डिव्हाइसक्वेरी वेक_आर्म्ड. डिव्हाइसक्वेरी जोडून, मग स्पेस, मग वेक, खालची आडवी रेघ म्हणजे अंडरस्कोअर, आणि आर्म्ड. उत्तरात नावांची यादी येते किंवा नन असा शब्द. यादी घाबरवणारी वाटली तरी त्यात सहसा माउस, कीबोर्ड आणि नेटवर्क कार्ड एवढंच असतं.

सर्वांत जास्त वेळा सापडतो तो माउस. वायरलेस माउसचा छोटा डोंगल लॅपटॉपलाच लावून ठेवलेला असतो, माउस त्याच बॅगेत सुटा पडलेला असतो आणि त्याचं तळाचं बटण चालूच असतं. बस खड्ड्यातून गेली, माउस हलला, लॅपटॉप उठला. घरी टेबलावरही तेच: कुणी टेबलाला धक्का दिला, मांजर चालत गेलं, पुरे होतं. प्रवासाला निघताना माउसचं बटण बंद करायची सवय लावणं चांगलंच, पण पक्का उपाय डिव्हाइस मॅनेजरमध्ये आहे.

स्टार्टवर राइट क्लिक, डिव्हाइस मॅनेजर. माइस अँड अदर पॉइंटिंग डिव्हायसेस उघडा. माउसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, मग पॉवर मॅनेजमेंट टॅब. तिथे अलाउ धिस डिव्हाइस टू वेक द कम्प्यूटर या ओळीसमोरची टिक काढा, ओके करा. यादीत एकाच नावाचे दोन-तीन माउस दिसतात. त्यातला कुठला तुमचा हे शोधण्यात वेळ घालवू नका, सगळ्यांच्या टिक काढा. माउस आणि कीबोर्ड एकाच डोंगलवर असतील तर कीबोर्ड्स या भागातही तेच करा. लॅपटॉप उठवायला पॉवर बटण आणि झाकण आहेतच, त्यामुळे यात काही गमावत नाही.

टिक काढल्यावर वेक_आर्म्डची कमांड पुन्हा चालवा. माउस यादीतून गेला पाहिजे. नसेल गेला तर अजून एखाद्या नावाखाली तो शिल्लक आहे.

दुसरा नेटवर्क कार्ड. वेक ऑन लॅन नावाची एक सोय असते: दुसऱ्या संगणकावरून नेटवर्कने संदेश पाठवून झोपलेला संगणक उठवायचा. कार्यालयात रात्री सगळे संगणक अपडेट करायला ती कामाची आहे, घरच्या लॅपटॉपला तिची क्वचितच गरज पडते. हा संदेश म्हणजे मॅजिक पॅकेट. त्याची रचना पक्की ठरलेली आहे: आधी ठरावीक ६ बाइट, मग त्या कार्डाचाच पत्ता १६ वेळा, असे एकूण १०२ बाइट. रोजच्या नेटवर्कच्या गडबडीत असा संदेश चुकून तयार होत नाही. मात्र वेक ऑन पॅटर्न मॅच नावाचा शेजारचा पर्याय चालू असला तर साध्या नेटवर्क हालचालीनेही लॅपटॉप उठू शकतो, आणि घरातला राउटर, प्रिंटर, टीव्ही यांची हालचाल रात्रभर चालूच असते.

म्हणून डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क ॲडॅप्टर्स उघडा, वायफाय आणि केबलचं कार्ड दोन्ही तपासा. पॉवर मॅनेजमेंट टॅबमध्ये उठवण्याची टिक काढली की काम झालं. लांबून लॅपटॉप उठवायची खरंच गरज असेल तर ती टिक ठेवून त्याखालची ओन्ली अलाउ अ मॅजिक पॅकेट ही ओळही टिक करा. ॲडव्हान्स्ड टॅबमध्ये वेक ऑन पॅटर्न मॅच दिसलं तर ते डिसेबल्ड करा.

मॉडर्न स्टँडबायच्या लॅपटॉपमध्ये पॉवर मॅनेजमेंट हा टॅब अनेकदा दिसतच नाही. लॅपटॉपमध्ये बिघाड आहे असं समजू नका. त्या प्रकारात उपकरणांची व्यवस्था वेगळी असते. तुमच्यासाठी पुढे वेगळा भाग आहे.

ठरलेल्या वेळी उठत असेल तर

पॉवरसीएफजी /वेकटाइमर्स. वेक आणि टाइमर्स जोडून, शेवटी एस. पुढे कोणतं काम किती वाजता लॅपटॉप उठवणार आहे हे यात आधीच कळतं. एखाद्या टायमरची ओळ आली तर खाली रीझनमध्ये कामाचं नाव असतं. अपडेट ऑर्केस्ट्रेटर हा शब्द दिसला तर विंडोज अपडेट. बॅकअपच्या किंवा अँटिव्हायरसच्या प्रोग्रॅमचं नाव दिसलं तर त्या प्रोग्रॅमच्याच सेटिंगमध्ये वेळ बदला. ही कमांड रात्री झोपण्यापूर्वी चालवलेली बरी, कारण काम होऊन गेलं की टायमर यादीतून जातो.

रोज रात्री दोनच्या आसपास उठणाऱ्या लॅपटॉपबद्दल माझा पहिला संशय ऑटोमॅटिक मेंटेनन्सवर असतो. विंडोजची ही रोजची देखभाल मुळात रात्री २ वाजता ठेवलेली असते. कंट्रोल पॅनल उघडा, सिक्युरिटी अँड मेंटेनन्समध्ये जा, मेंटेनन्सचा भाग उघडून चेंज मेंटेनन्स सेटिंग्जवर क्लिक करा. तिथे वेळ बदलता येते आणि ठरलेल्या वेळी संगणक उठवायची परवानगी देणारी टिकही असते. टिक काढा. वेळही बदलून जेवणाच्या सुट्टीची ठेवली तर ती देखभाल दिवसा उरकते.

सगळ्याच टायमरना एकदम आवर घालायचा असेल तर कंट्रोल पॅनलमधल्या पॉवर ऑप्शन्समध्ये जा. चालू असलेल्या प्लॅनसमोर चेंज प्लॅन सेटिंग्ज, मग चेंज ॲडव्हान्स्ड पॉवर सेटिंग्ज. छोट्या खिडकीत स्लीप उघडा, त्यात अलाउ वेक टाइमर्स. बॅटरीवर असताना आणि चार्जरवर असताना असे दोन वेगळे पर्याय दिसतील. बॅटरीसाठी डिसेबल करा. चार्जरसाठी इम्पॉर्टंट वेक टाइमर्स ओन्ली ठेवायला हरकत नाही. त्यात अपडेटनंतरच्या रीस्टार्टसारखी मोजकी कामं तेवढी चालतात. रात्री चार्जर लावून लॅपटॉप झोपायच्या खोलीतच ठेवत असाल तर दोन्हीकडे डिसेबल करा.

विंडोज अपडेट मात्र बंद करू नका. रात्रीची जाग टाळण्यासाठी अपडेटची सेवाच बंद करण्याचा सल्ला बराच फिरतो आणि तो धोक्याचा आहे. सुरक्षेच्या दुरुस्त्या थांबवून मिळालेली शांत झोप महागात पडते. अपडेटच्या सेटिंगमध्ये ॲक्टिव्ह अवर्स, म्हणजे तुम्ही लॅपटॉप वापरता ते तास, नीट भरा आणि आठवड्यातून एकदा स्वतःहून अपडेट करून रीस्टार्ट करा. अडकलेला रीस्टार्ट शिल्लक राहिला नाही की त्यासाठी रात्री उठायचं कारणही उरत नाही.

एखादं नेमकं काम सापडलं असेल तर टास्क शेड्युलर उघडून ते शोधा, त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या कंडिशन्स टॅबवर वेक द कम्प्यूटर टू रन धिस टास्क ही टिक काढा. ते काम डिलीट करू नका. लॅपटॉप जागा असताना ते होऊ द्या.

मॉडर्न स्टँडबाय: बॅगेत तापणारा लॅपटॉप

या प्रकारात जागा होणं आणि नीट न झोपणं यांतली सीमा पुसट असते. स्क्रीन एकदाही उजळत नाही, तरी आत काहीतरी चालू राहतं आणि बॅटरी उतरते. म्हणून इथे वेगळा अहवाल लागतो: पॉवरसीएफजी /स्लीपस्टडी, स्लीप आणि स्टडी जोडून. कमांड चालली की फाइल कुठे ठेवली ते स्क्रीनवर लिहून येतं. ती फाइल ब्राउझरमध्ये उघडा. मागच्या तीन दिवसांतली प्रत्येक झोप तिच्यात असते: किती वेळ झोपला, त्या वेळात किती बॅटरी गेली, किती टक्के वेळ खऱ्या कमी विजेच्या अवस्थेत होता. लाल आणि केशरी ओळींकडे आधी बघा. ओळीवर क्लिक केलं की टॉप ऑफेंडर्स असा तक्ता येतो आणि जागं ठेवणाऱ्या उपकरणाचं किंवा प्रोग्रॅमचं नाव त्यात सर्वांत वर असतं.

तिथे वायफाय दिसलं तर एक साधी चाचणी करा. रात्री झाकण मिटण्यापूर्वी एअरप्लेन मोड चालू करा. सकाळी बॅटरी जवळपास तशीच राहिली तर कारण नेटवर्कचं. मग लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या वेबसाइटवरून त्याच मॉडेलचा वायफाय ड्रायव्हर (वायफाय कार्ड चालवणारा छोटा प्रोग्रॅम) आणि बायोस (विंडोजच्या आधी सुरू होणारा, लॅपटॉपमध्येच भरलेला मूळ प्रोग्रॅम) अद्ययावत करा. मॉडर्न स्टँडबायच्या कितीतरी तक्रारी जुन्या ड्रायव्हरमुळे असतात. ड्रायव्हर अपडेट करून देतो म्हणणारे तिऱ्हाईत प्रोग्रॅम उतरवू नका. बायोस अपडेट करताना चार्जर लावलेला आणि बॅटरी भरलेली असू द्या, कारण मधेच वीज गेली आणि बॅटरीही संपली तर लॅपटॉप सुरूच न होण्याची वेळ येते.

एवढं करूनही भरवसा वाटत नसेल, आणि रोज लोकलने किंवा बसने लॅपटॉप नेणाऱ्याला तो वाटायला हवा, तर झाकण मिटल्यावर थेट हायबरनेट होऊ द्या. माझ्या मते बॅगेत जाणाऱ्या प्रत्येक मॉडर्न स्टँडबाय लॅपटॉपला हेच सेटिंग असावं. उठायला लागणारे चार सेकंद जास्त, पण तापलेल्या बॅटरीचा प्रश्नच राहत नाही. लिथियम बॅटरीचं आयुष्य उष्णतेने कमी होतं.

कंट्रोल पॅनल, पॉवर ऑप्शन्स, डावीकडे चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डझ. बॅटरीच्या रकान्यात हायबरनेट निवडा, सेव्ह करा. यादीत हायबरनेट नसेल तर टर्मिनलमध्ये पॉवरसीएफजी /हायबरनेट ऑन चालवा आणि पुन्हा बघा. डिस्कवर काही जीबी जागा यासाठी अडकते.

घरातल्या घरात झाकण लावलं की झटपट उठणारी स्लीपच हवी आणि विसरला तरच हायबरनेट व्हावा, अशी इच्छा असेल तर मधला मार्गही आहे: पॉवरसीएफजी /चेंज हायबरनेट-टाइमआउट-डीसी ६०. मधल्या आडव्या रेघा साध्या, साठ हा आकडा इंग्रजीत. बॅटरीवर तासभर झोपला की लॅपटॉप आपण होऊन हायबरनेट होईल.

रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या सेटिंगच्या साठ्यात, बदल करून जुनी एस३ झोप परत मिळवण्याची युक्ती तुमच्या वाचनात येईल. लॅपटॉपच्या बायोसमध्येच एस३ दिलेली नसेल तर तिचा उपयोग नाही, आणि झोपलेला लॅपटॉप उठतच नाही अशीही गत होऊ शकते. काही थिंकपॅडच्या बायोसमध्ये झोपेचा प्रकार निवडायची अधिकृत सोय असते. तशी सोय नसेल तर या वाटेला जाऊ नका.

वीज जाते-येते तेव्हा

चार्जर लावून ठेवलेला लॅपटॉप रात्री दोन-तीनदा उजळतो आणि नोंदीत माउसही नाही, टायमरही नाही, असं असेल तर घरातली वीज आठवा. मॉडर्न स्टँडबायमध्ये चार्जरची वीज सुरू किंवा बंद झाली की स्क्रीन थोडा वेळ उजळू शकते. जिथे रात्री वारंवार वीज जाते, किंवा इन्व्हर्टर मधे येतो, तिथे हे रोज घडेल. सैल सॉकेटमुळेही तेच होतं. एस३ च्या काही लॅपटॉपमध्ये बायोसमध्ये वेक ऑन एसी असा पर्याय असतो. तो चालू असेल तर वीज परत येताच लॅपटॉप पूर्ण सुरू होतो, हायबरनेटमधूनही. बायोसमध्ये जाऊन तो डिसेबल करा. सुरू होताना डेल, एसर आणि असूसवर बहुधा एफ२, एचपीवर एफ१०, थिंकपॅडवर एफ१ दाबून तिथे जाता येतं. तिथेच वेक ऑन लॅन आणि यूएसबी वेक सपोर्टही बघून घ्या. डॉकला किंवा यूएसबी हबला लॅपटॉप जोडून ठेवत असाल तर एक रात्र सगळं काढून ठेवा, म्हणजे दोष त्यांचा आहे का ते लगेच कळेल.

पहाटे एकदाच, बॅटरी अगदी तळाला गेल्यावर उठला असेल तर ती खोड नाही. एस३ मधला लॅपटॉप बॅटरी संपत आली की क्षणभर उठून हायबरनेट होतो, म्हणजे तुमचं काम वाचतं.

झाकणाबद्दल थोडंसं. झाकण मिटलंय हे बहुतेक लॅपटॉप चुंबकाने ओळखतात: झाकणात चुंबक, खाली सेन्सर. बाहेरचं चुंबक जवळ आलं की सेन्सरचा गोंधळ होऊ शकतो. एका लॅपटॉपवर दुसरा ठेवला की वरचा आपोआप झोपतो तो याचमुळे. चुंबकाचं कव्हर असलेला मोबाइल किंवा इअरबडची डबी लॅपटॉपला चिकटून ठेवू नका.

मुळात झोपतच नसेल तर

झाकण उघडं ठेवून ठरलेला वेळ गेला तरी लॅपटॉप झोपत नाही, ही तक्रार वेगळी. पॉवरसीएफजी /रिक्वेस्ट्स चालवा. डिस्प्ले, सिस्टीम वगैरे मथळ्यांखाली नन असेल तर कुणी अडवत नाही. एखाद्या ब्राउझरचं किंवा ऑडिओ ड्रायव्हरचं नाव असेल तर तो प्रोग्रॅम लॅपटॉपला झोपू देत नाही. चालू राहिलेला व्हिडिओ, अर्धवट सोडलेली मीटिंग, उतरत असलेली मोठी फाइल, अशी कारणं असतात. तो प्रोग्रॅम बंद करून कमांड पुन्हा चालवा.

मॅक आणि लिनक्स

मॅकबुकवर सिस्टीम सेटिंग्जमध्ये बॅटरी, त्यात ऑप्शन्स. वेक फॉर नेटवर्क ॲक्सेस हे नेव्हर करा. इंटेलच्या जुन्या मॅकवर पॉवर नॅप दिसलं तर तेही बंद करा. टर्मिनलमध्ये पीएमसेट, स्पेस, उणे चिन्ह आणि जी, स्पेस, लॉग असं लिहिलं की झोपेच्या सगळ्या नोंदी येतात. यादी लांबलचक असते, तिच्यात वेक शब्द शोधा. लिनक्सवर प्रॉक फोल्डरातल्या एसीपीआयमध्ये वेकअप नावाची फाइल वाचली की कोणाला उठवायची परवानगी आहे ते एनेबल्ड या शब्दाने कळतं.

सर्व्हिस सेंटरला केव्हा न्यायचा

उपकरणांच्या टिका काढल्या, टायमर बंद केले, चार्जर आणि डोंगल काढून ठेवले, बायोस अद्ययावत केला, तरीही एस३ चा लॅपटॉप झाकण मिटलेलं असताना उठतोय आणि नोंदीत वेक सोर्स अननोन किंवा पॉवर बटण येतंय, तर झाकणाचा सेन्सर किंवा बटण खराब असू शकतं. पाणी सांडून गेलेल्या लॅपटॉपमध्ये हे घडतं. तळ फुगलेला दिसला, टचपॅड वर आलेलं वाटलं किंवा झाकण नीट बसत नसेल तर बॅटरी फुगल्याची शक्यता धरा. त्या वेळी हे कुठलेही प्रयोग न करता लॅपटॉप बंद करा, चार्जर लावू नका आणि त्याच दिवशी दुकानात दाखवा.

बाकीच्या वेळी जाताना स्लीपस्टडीची फाइल आणि इव्हेंट व्ह्यूअरमधल्या दोन-तीन नोंदींचे फोटो मोबाइलवर घेऊन जा. काउंटरवर लॅपटॉप पाच मिनिटं झोपवून बघतात, तेवढ्यात तो उठत नाही आणि ठीक आहे म्हणून परत मिळतो. तारीख-वेळेसकट नोंद समोर ठेवली, कोणती सेटिंग आधीच बदलून पाहिली तेही सांगितलं, तर तंत्रज्ञाला लॅपटॉप रात्रभर ठेवून घेऊन तपासायला कारण मिळतं.